ए> तोच, पण कारभार वेगळा: सीपी/एम, पीसी-डॉस आणि एमएस-डॉस

तुमचे प्रश्न तीन आहेत. इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) सीपी/एम २.२, पीसी-डॉस १.१ आणि एमएस-डॉस ३.३ अशा तिन्ही जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम चालवून पाहिल्या, तिन्हीकडे आज्ञेची वाट बघणारा तोच ए>, फायलींची यादी दाखवणारी तीच डीआयआर आणि मजकूर दाखवणारी तीच टाइप आज्ञा. मग फरक कुठे आहे? दुसरा, ‘डॉस ही सीपी/एमची चोरी’ असं सर्रास म्हणतात, ते कितपत खरं? आणि तिसरा, एका कंपनीच्या एमएस-डॉस यंत्रावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या एमएस-डॉस यंत्रावर का अडायचा?

त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिम आज्ञांवरून ओळखायला गेलं की सगळ्या जुळ्या बहिणी वाटतात. मी नेहमी एकच गोष्ट तपासतो: ही सिस्टिम कोणती कामं स्वतःच्या अंगावर घेते आणि कोणती दुसऱ्यावर ढकलते. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं याच एका प्रश्नातून निघतात.

सीपी/एमपासून सुरुवात करू. गॅरी किल्डॉल यांनी ती १९७४ मध्ये इंटेलच्या ८०८० प्रोसेसरसाठी लिहिली. कॅलिफोर्नियात माँटेरीला नौदलाचं पदव्युत्तर महाविद्यालय आहे, तिथे ते शिकवत आणि इंटेलचंही काम करत. पुढे त्यांची डिजिटल रिसर्च ही कंपनी शेजारच्याच पॅसिफिक ग्रोव्हमधून सीपी/एम विकू लागली. तेव्हा जो तो आपापल्या डोक्याने यंत्र बनवत होता. कुणाचं फ्लॉपी कंट्रोलर वेगळं, कुणाचा टर्मिनल वेगळा. किल्डॉल यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे सिस्टिमचे तीन तुकडे. वर सीसीपी, म्हणजे तुम्हाला ए> दाखवणारा, आज्ञा वाचणारा भाग. मधे बीडॉस, फायलींचा सगळा हिशेब ठेवणारा. तळाला बायॉस, प्रत्यक्ष यंत्राशी बोलणारा. वरचे दोन तुकडे सगळीकडे सारखेच. बायॉस तेवढा यंत्र बनवणाऱ्याने स्वतः लिहायचा, आणि तोही केवढासा? २.२ आवृत्तीत त्याची फक्त १७ कामं होती: एक अक्षर वाच, एक अक्षर दाखव, अमुक ट्रॅकवर जा, अमुक सेक्टर वाच, अशी. कागदी पट्टीला भोकं पाडणाऱ्या यंत्राला अक्षर पाठवणं हेही त्यांपैकी एक, यावरून काळाचा अंदाज यावा.

(इथे एक खुलासा. आज आपण ज्याला बायॉस म्हणतो, तो मदरबोर्डवरच्या रॉममध्ये असतो. सीपी/एमचा बायॉस फ्लॉपीवरून मेमरीत येई. नाव तेच, मुक्काम वेगळा. जुने लेख वाचताना इथे गल्लत होते.)

या रचनेमुळे वर्डस्टार हा मजकूर लिहायचा एकच प्रोग्राम शेकडो वेगवेगळ्या यंत्रांवर चालला. पण दोन गोष्टी सीपी/एमने सरळ वाऱ्यावर सोडल्या होत्या. पहिली, पडदा. ‘एक अक्षर दाखव’ याच्यापुढे तिला पडदा माहीतच नव्हता. कर्सर कुठे न्यायचा, ओळ कशी पुसायची, यासाठी प्रत्येक टर्मिनलचे संकेत निराळे. म्हणून वर्डस्टार घेतल्यावर आधी त्याला ‘तुझ्यापुढे अमुक टर्मिनल आहे’ हे सांगणारा प्रोग्राम चालवावा लागे. दुसरी, फ्लॉपीची मांडणी. ८ इंची फ्लॉपीला आयबीएमचा एक जुना साचा होता, ७७ ट्रॅक, प्रत्येकावर २६ सेक्टर, सेक्टरमध्ये १२८ बाइट, एकूण सुमारे २५० केबी. तो सगळे पाळत. सव्वापाच इंची फ्लॉपी आली आणि शिस्त संपली. ऑस्बोर्न आणि केप्रो ही दोन्ही सीपी/एमचीच यंत्रं, पण ऑस्बोर्नची फ्लॉपी केप्रोला वाचता येईना, केप्रोची ऑस्बोर्नला. सिस्टिम एकच, प्रोग्राम एकच, तरी फ्लॉपी परकी. जुन्या फ्लॉपींमधला मजकूर काढून द्यायचं काम करताना अजूनही सगळ्यांत जास्त वेळ यातच जातो: आत काय आहे हे नंतर, आधी ही कुठल्या यंत्रावर लिहिली हे शोधा.

आता चोरीचा प्रश्न. इंटेलचा ८०८६ हा १६ बिटांचा प्रोसेसर १९७८ मध्ये आला होता. सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीने त्याचं कार्ड बनवलं, पण त्यावर चालवायला सिस्टिम नाही. डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६, म्हणजे ८०८६ साठीची सीपी/एम, लांबत चाललेली. शेवटी तिथल्या टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये स्वतःच एक लिहून काढली. घाईत केलेलं काम म्हणून आधी तिचं नाव क्यूडॉस (‘क्विक अँड डर्टी ऑपरेटिंग सिस्टिम’), मग ८६-डॉस. जुलै १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी बाहेर पडला, तेव्हा तीच पीसी-डॉस झाली होती.

पॅटरसन यांना एक गोष्ट हवी होती: ८०८० वरचे प्रोग्राम कमीत कमी कष्टात ८०८६ वर यावेत. म्हणून त्यांनी सीपी/एमचं दार जसंच्या तसं ठेवलं. सीपी/एममध्ये काम सांगायचं तर सी रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेत) कामाचा क्रमांक ठेवून पत्ता ५ ला हाक मारायची. डॉसमध्ये एएच रजिस्टरमध्ये क्रमांक ठेवून इंटरप्ट २१ हेक्स, म्हणजे सिस्टिमला हाक मारणारी प्रोसेसरची आज्ञा, द्यायचा (हेक्स म्हणजे १६ च्या पायावरची मोजणी). क्रमांक बघा: फाइल उघडणे १५, बंद करणे १६, पुसणे १९, पुढची नोंद वाचणे २०, लिहिणे २१, नवी फाइल करणे २२. दोन्हीकडे हेच. अक्षरांची माळ छापायचा क्रमांक ९, आणि माळेचा शेवट दाखवायला डॉलरचं चिन्ह, तेही दोन्हीकडे. सीपी/एममध्ये प्रोग्राम १०० हेक्स या पत्त्यावर सुरू होतो, आज्ञेमागे तुम्ही टाइप केलेलं ८० हेक्सवर सापडतं, पहिल्या फाइलचं नाव ५सी हेक्सवर. डॉसच्या कॉम फायलींत (साध्या, छोट्या प्रोग्रामांत) हेच पत्ते, सेगमेंटच्या, म्हणजे प्रोग्रामला मिळालेल्या मेमरीच्या तुकड्याच्या, सुरुवातीपासून मोजलेले. इतकंच काय, सीपी/एमचा प्रोग्राम संपताना पत्ता ० वर उडी मारतो. डॉसने त्या जागी ‘प्रोग्राम संपव’ असा इंटरप्ट ठेवून दिला, म्हणजे तीच उडी तिथेही चालावी.

तेव्हा दाराची नक्कल होती, आणि ती उघड उघड होती. दारामागचं घर मात्र पॅटरसन यांनी वेगळं बांधलं, आणि ‘चोरी’ म्हणणारे नेमकं हेच विसरतात. आयबीएमचे लोक भेटायला आले त्या दिवशी किल्डॉल विमान उडवत होते म्हणून आयबीएमचं काम हातचं गेलं, ही गोष्ट तर मला कंटाळवाणी वाटते. आयबीएमने पुढे सीपी/एम-८६ देखील विकायला ठेवलीच होती. पण ती काही महिन्यांनी आली आणि २४० डॉलरला, जेव्हा पीसी-डॉस ४० डॉलरला मिळत होती. एवढ्या फरकापुढे कोण थांबणार?

घर वेगळं कसं, ते फ्लॉपीवर दिसतं. सगळ्यात गंमत इथेच आहे. दोन्ही सिस्टिमांत डिरेक्टरीतली एक नोंद ३२ बाइटांचीच, नाव ८ अक्षरांचं आणि पुढे ३. पण सीपी/एम त्या नोंदीतच फाइलीच्या ठोकळ्यांचे क्रमांक लिहून ठेवते. ८ इंची फ्लॉपीवर १ केबीचे १६ ठोकळे, म्हणजे १६ केबी झाले की नोंद भरली. फाइल मोठी असेल तर त्याच नावाची दुसरी नोंद. कोणता ठोकळा रिकामा, हे फ्लॉपीवर कुठेच लिहिलेलं नसतं. फ्लॉपीला पहिल्यांदा हात लावताना सिस्टिम सगळी डिरेक्टरी वाचून मेमरीत तक्ता बनवते. म्हणून तर तुम्ही फ्लॉपी बदलून कंट्रोल-सी दाबायला विसरलात की लिहिताना ‘बीडॉस एरर, आर/ओ’ (आर/ओ म्हणजे फक्त वाचता येईल) असं खेकसते: मेमरीतला तक्ता जुन्या फ्लॉपीचा, त्याच्या भरवशावर नवीवर लिहिलं तर सत्यानाश. तो संदेश त्रासदायक असला तरी तुमच्या भल्याचा होता.

डॉसने मायक्रोसॉफ्टच्या डिस्क बेसिकमधली फॅटची (फाइल अ‍ॅलोकेशन टेबलची) कल्पना उचलली. डिरेक्टरीत फक्त पहिल्या ठोकळ्याचा क्रमांक. पुढचे सगळे फॅट नावाच्या वेगळ्या तक्त्यात, साखळीसारखे. खजिना शोधण्याच्या खेळात एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा ठिकाणा असतो, तसं. मोठ्या फायलींना हे सोयीचं, रिकामी जागाही तक्त्यातच कळते. शिवाय नोंदीत जागा वाचली, तिथे डॉसने तारीख, वेळ आणि फाइलीचा बाइटांतला नेमका आकार ठेवला. सीपी/एम २.२ मध्ये तारीख नाहीच, आणि आकार १२८ बाइटांच्या पटीत मोजलेला. मग मजकूर १०० बाइटांचा असेल तर उरलेल्या २८ बाइटांत काय? तिथे संपल्याची खूण म्हणून कंट्रोल-झेड, म्हणजे १ए हेक्स भरायचं. डॉसला या खुणेची काही गरज नव्हती, तरी ती पुढे कैक वर्षं चालू राहिली. कॉपी कॉन या आज्ञेने थेट कीबोर्डवरून फाइल लिहिताना शेवटी कंट्रोल-झेड दाबायचो ते याच वारशाने. एखाद्या जुन्या मजकुराच्या शेवटी १ए ची रांगच्या रांग दिसली, तर तो सीपी/एमवरून आलाय किंवा त्याच वळणाच्या प्रोग्रामने लिहिलाय असं समजायला हरकत नाही.

पुसलेल्या फाइलीचं उदाहरण मी नवशिक्यांना आवर्जून दाखवतो. दोन्ही सिस्टिमा पुसलेल्या नोंदीच्या पहिल्या बाइटात ई५ हेक्स लिहितात. हा आकडा आला कुठून? त्या ८ इंची साच्याच्या कोऱ्या फ्लॉपीत कारखान्यातूनच सगळीकडे ई५ भरलेलं असे. ई५ म्हणजे रिकामं असं ठरवलं की कोरी फ्लॉपी आपोआप रिकाम्या डिरेक्टरीसारखी वाचली जाते. किल्डॉल यांचा हिशेबीपणा. पण सीपी/एमच्या नोंदीत पहिला बाइट वापरकर्त्याच्या क्रमांकाचा असतो. त्यावर ई५ पडलं तरी नाव शाबूत, ठोकळ्यांचे क्रमांकही शाबूत. तो बाइट पुन्हा ० केला की फाइल जशीच्या तशी परत, फक्त मधल्या काळात कुणी तिच्या ठोकळ्यांवर लिहिलेलं नसावं. डॉसमध्ये पहिला बाइट नावाच्या पहिल्या अक्षराचा, ते अक्षर गेलं. आणि फॅटमधली साखळीही शून्य केली जाते. पहिला ठोकळा कळतो, पुढचे अंदाजाने. नॉर्टनसारखी साधनं फाइल परत आणताना ‘पहिलं अक्षर कोणतं होतं?’ असं विचारत, त्याचं कारण हे. तुकड्यांत विखुरलेली फाइल त्यांना नीट परत आणता येत नसे.

मार्च १९८३ मध्ये पीसी-एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला आणि सोबत डॉस २.०. माझ्या मते सीपी/एमशी खरी फारकत इथे झाली; १.१ आणि २.० मधला फरक सीपी/एम आणि १.१ मधल्या फरकाहून मोठा आहे. उपडिरेक्टरी आल्या, सिस्टिमची मांडणी ठरवणारी कॉन्फिग.सिस ही फाइल आणि वेगळे लोड करता येणारे ड्रायव्हर (एकेक उपकरण हाताळणारे तुकडे) आले, फाइल उघडायची युनिक्स वळणाची नवी पद्धत आली. जुन्या पद्धतीत फाइलीच्या नावाला ११ अक्षरांचीच जागा, त्यात मार्ग, म्हणजे कोणत्या डिरेक्टरीच्या आत कोणती हा पत्ता, कुठे बसवणार? म्हणून जुनी पद्धत वापरणारे प्रोग्राम उपडिरेक्टरीपुढे आंधळे राहिले. वर्डस्टार ३.३ ला चालू डिरेक्टरीच्या बाहेरचं काही दिसत नसे. मार्गातली नावं वेगळी करणारा उलटा तिरका दंड हाही याच आवृत्तीचा. सरळ तिरका दंड आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच अडकला होता.

तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. डॉसने फ्लॉपीची मांडणी बरीचशी पक्की केली, पण पडदा पुन्हा वाऱ्यावरच. अक्षरं दाखवायची सोय होती, मात्र ती इतकी मंद की तिच्या नादी कुणी लागेना. आयबीएम पीसीवर पडद्याची मेमरी ठरलेल्या पत्त्यावर असे: ८० रकाने, २५ ओळी, दर अक्षराला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. तिथे थेट लिहिलं की अक्षर क्षणात पडद्यावर. लोटस १-२-३ या हिशेबाच्या तक्त्यांच्या प्रोग्रामने तेच केलं, आणि वेगाच्या जोरावर बाजार मारला. पण व्हिक्टर ९०००, डेक रेनबो, टँडी २००० या यंत्रांवर एमएस-डॉस असूनही पडद्याची मेमरी वेगळीकडे होती. तिथे आयबीएमसाठीचा लोटस चालायचा नाही. वेगळी आवृत्ती हवी. म्हणून यंत्र ‘कम्पॅटिबल’ आहे का हे तपासायला लोक डॉस चालते का ते बघतच नसत, लोटस आणि फ्लाइट सिम्युलेटर हा विमान उडवायचा खेळ लावून बघत.

६४० केबीची प्रसिद्ध मर्यादाही यातलीच. ती डॉसच्या माथी मारली जाते, पण आयबीएम पीसीतल्या ८०८८ या प्रोसेसरला १ एमबी दिसते आणि त्यातली ६४० केबीच्या वरची जागा आयबीएमने पडद्यासाठी आणि रॉमसाठी राखली होती. व्हिक्टर ९००० ची मांडणी निराळी, तिथे एमएस-डॉसखाली ८९६ केबीपर्यंत मेमरी बसवता येई. यंत्र चांगलं असून मागे पडलं. कॉम्पॅकने उलट वाट धरली: आयबीएमच्या रॉममधला कोड न बघता, त्याचं वागणं तेवढं जुळवून स्वतःचा बायॉस लिहून घेतला, १९८४ पासून फिनिक्स कंपनी तसा बायॉस कुणालाही विकू लागली. तिथून पुढे मानक म्हणजे डॉस राहिली नाही, आयबीएमच्या यंत्राचा नकाशा हेच मानक झालं.

याचा एक थेट परिणाम आपल्या भाषेवर झाला. पडदा सिस्टिमच्या ताब्यात नाही, अक्षरांचे २५६ आकार सुरुवातीच्या डिस्प्ले कार्डांच्या रॉममध्ये गोठलेले आणि प्रोग्राम थेट मेमरीत लिहिणार. मग देवनागरी घालायची कुठे? डॉसमध्ये त्यासाठी जागाच नव्हती. म्हणून उत्तर हार्डवेअरमध्ये शोधावं लागलं: आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं जिस्ट कार्ड. पीसीच्या खाचेत ते बसवलं की पडद्याकडे जाणारा मजकूर कार्ड आपल्या हाती घेई आणि काना-मात्रा, जोडाक्षरं जुळवून दाखवी. साठवताना दर अक्षराला वरच्या १२८ संकेतांतला एक बाइट, तोच पुढे १९९१ मध्ये इस्की म्हणून भारतीय मानक झाला. डीबेससारख्या याद्या-नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामला पत्ताही नसे की आपण मराठी नावं हाताळतोय.

पीसी-डॉस आणि एमएस-डॉस यांत सुरुवातीची दहाएक वर्षं मुळात फरक थोडाच. आयबीएमकडे लपवलेल्या फायलींची नावं आयबीएमबायो.कॉम आणि आयबीएमडॉस.कॉम, मायक्रोसॉफ्टकडे बहुधा आयओ.सिस आणि एमएसडॉस.सिस. आयबीएमचं बेसिक अर्धं रॉममध्ये असे, त्यामुळे त्यांचं बेसिकए दुसऱ्या यंत्रावर अडे. इतरांना जीडब्ल्यू-बेसिक मिळे. खरी वेगळी चूल १९९३ च्या सुमारास, सहाव्या आवृत्तीपासून. डीआर-डॉस ही मात्र डिजिटल रिसर्चची, म्हणजे सीपी/एमच्याच घराण्यातली, पण १९८८ मध्ये डॉसचा वेष घेऊन आलेली. नक्कल कुणी कुणाची केली याचा हिशेब मांडणाऱ्यांनी ही फेरी पण धरावी.

बाकीच्यांविषयी तुम्ही विचारलेलं नाही, तरी मोजपट्टी तीच लावून बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या पी-सिस्टिमने प्रोसेसरसुद्धा अंगावर घेतला: प्रोग्राम काल्पनिक यंत्रासाठी, तो कुठेही चालतो, पण रडतखडत. १९८४ च्या मॅकिंटॉशने पडदा पूर्ण ताब्यात घेतला, खिडक्या आणि मेनू काढायचा कोड ६४ केबीच्या रॉममध्येच. १९८५ च्या अमिगाने वेळेची वाटणीही स्वतःकडे घेतली, एखादा प्रोग्राम अडून बसला तरी बाकीचे चालत. डॉसला यातलं काही करायचंच नव्हतं.

इम्युलेटर हाताशी आहेच, तर दोन गोष्टी करून बघा. सीपी/एममध्ये डीडीटी आणि डॉसमध्ये डीबग हे मेमरी दाखवणारे प्रोग्राम चालवून पत्ता ० पासूनची मेमरी छापा. पहिल्याकडे ० वर आणि ५ वर सी३, म्हणजे उडीची आज्ञा. दुसऱ्याकडे ० वर सीडी २० आणि ५ वर ९ए. मग दोन्हीकडे एकेक छोटी फाइल पुसा आणि फ्लॉपीची प्रतिमा हेक्स एडिटरमध्ये उघडून ती हाताने परत आणा. सीपी/एममध्ये एक बाइट बदलून काम होईल. डॉसमध्ये फाइल एका ठोकळ्याहून मोठी असेल तर फॅटची साखळी स्वतः ओवावी लागेल; तिथल्या नोंदी १२ बिटांच्या, दोन मिळून तीन बाइटांत बसवलेल्या असतात, आणि फॅटच्या दोन प्रती असतात, तेव्हा दोन्हीत बदल करा.